चौकोनातले बाबा

"काय झालं ते एका वाक्यात सांगायचं. दुसऱ्या वाक्यात त्याचा तुमच्या मार्कांवर झालेला परिणाम. आणि शेवट मात्र, काहीही होवो, त्यातून आपण काय शिकलो यावर करायचा. दुःखावर शेवट करू नका. वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं." मिस्टर थ्वेट हे सांगत होते तेव्हा त्यांचं बिस्किट चहात बुडालेलं होतं. ते तुटून आत पडलं, आणि बोलणं न थांबवता ते चमच्याने त्याचे तुकडे शोधत राहिले. विद्यापीठात मुलांना नोकरीचे अर्ज लिहायला शिकवणारा भला माणूस. हिल्डाने त्यांचं सगळं बोलणं उतरून घेतलं होतं, कारण तोवर अर्जातला 'विशेष परिस्थिती'चा चौकोन ती शरमेने रिकामाच सोडत आली होती. घरातलं मरण परक्यांच्या अर्जात कशाला, असं तिला वाटे. थ्वेट म्हणाले होते, "अहो, तो चौकोन तुमच्यासारख्यांसाठीच ठेवलाय. लाजता कशाला?" आणि तिला खरंच वाटलं होतं, आपल्यासाठी कुणीतरी दार उघडलं. काही वर्षांनी, जुलैतल्या एका गुरुवारी, मिडल्सब्रोच्या ऑफिसच्या जिन्यात फोन कानाला लावून उभी असताना तिला तोच आवाज पुन्हा ऐकू आला, चमचा कपावर वाजल्याच्या आवाजासकट.

वकिलीच्या धंद्यात होकार फोनने येतो आणि नकार मेलने. कुणी तसं लिहून ठेवलेलं नाही, पण अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. म्हणूनच शिडीवरून पडलेल्या एका रंगाऱ्याच्या दाव्याच्या कागदांवर पानांचे आकडे उमटवताना फोन थरथरला, आणि त्यावर लीड्सचा नंबर दिसला, तेव्हा झेरॉक्सच्या यंत्रापासून जिन्यापर्यंत जाता जाताच ती मनातल्या मनात सॉलिसिटर झाली. परीक्षा तर तिच्या सगळ्या झाल्या होत्या. पण नुसत्या परीक्षांनी भागत नाही, कुठल्यातरी फर्मने दोन वर्षं उमेदवारीला घ्यावं लागतं, आणि ते कुणी घेत नव्हतं. लीड्सच्या फर्मने निदान ईस्टरच्या सुट्टीत पंधरवडाभर बोलावलं होतं. कामाला कशी आहे ते बघायला. हिल्डाने आपली हक्काची रजा त्यात घातली होती. शेवटच्या दिवशी तिथल्या ट्रेनी मुलांनी सगळ्यांना जेवायला नेलं, "हे काही परीक्षेत धरायचं नाही हं" असं हसत हसत सांगून, आणि सगळे उमेदवार हसले होते आणि सगळ्यांनी काटे नीट धरले होते. हिल्डाने टेबलाखाली, अंगठ्याने तळहातावर, जेवणाआधीचा क्रूस काढला होता. शेजारच्या मुलीने तो पाहिला आणि पटकन मान वळवली. नंतर किती दिवस तिला वाटत राहिलं की ते कुणीतरी लिहून घेतलं असेल. आता जिन्यात पोचेपर्यंत त्या भीतीचं तिला हसू आलं. प्रभू, तुझे उपकार, एवढं ती मनात म्हणालीसुद्धा. मग तिने फोन उचलला.

"हिल्डा? मी फिलिपा. नेमणूक विभागातून. आत्ता बोलता येईल ना? अवेळी तर नाही ना केला फोन?"

"नाही, नाही. बोला ना."

"तुम्हाला थांबवून ठेवत नाही. या वर्षी आम्ही तुम्हाला पुढे घेत नाही आहोत. खूपच चुरस होती, तुमच्यात कमी काही नाही असं सगळेच म्हणाले..." इथे फिलिपाचा आवाज एकदम मायेचा झाला. "पण मी मुद्दाम फोन केला, कारण मेलमध्ये हे बरं दिसलं नसतं. तुम्ही अर्जात तुमच्या वडिलांबद्दल लिहिलंय ना, विशेष परिस्थितीच्या चौकोनात? तो परिच्छेद. खरं सांगते, वाचून आमच्या एक भागीदार रडल्या. आम्हाला आलेल्यांत सगळ्यांत चांगला तोच. तर ऑक्टोबरात आमच्याकडे कॉलेजची मुलं येतात. अशी गोष्ट कशी मांडावी, नेमकी, रडगाणं न होऊ देता, याचा नमुना म्हणून तो पडद्यावर दाखवला तर चालेल का? नाव अर्थातच काढून टाकू."

"हो, अगदी. काहीच हरकत नाही," हिल्डा म्हणाली. "उलट मला आनंदच वाटेल." आणि फोन ठेवता ठेवता, "सॉरी हं, तुम्हाला उगीच फोन करावा लागला."

आपण नेमकं कशाला हो म्हणालो हे तिला जिन्यातून परत येताना उमगलं. त्यातही तिला आश्चर्य वाटलं नाही. ती ज्या लोकांतली होती ते लोक, कुणी पायावर पाय दिला तर आधी स्वतः माफी मागतात. दंतवैद्य चुकीचा दात काढत असता तर तिने त्यालाही म्हटलं असतं, काही हरकत नाही. यंत्रापाशी जॅनिस कागद सारखे करत उभी होती. जॅनिस ऑफिसची जुनी सेक्रेटरी. तिने फोनचा नंबर पाहिला होता.

"लागला का गं नंबर?"

"नाही."

"नाही? फोन करून नाही म्हणतात? ही कुठली नवी तऱ्हा? अगं, माझा पहिला नवरासुद्धा फ्रिजवर चिठ्ठी चिकटवून गेला होता. तेवढी तरी लाज होती त्याला."

हिल्डा हसली. "त्यांना माझं लिहिणं आवडलं म्हणे."

"लिहिणं आवडलं आणि लिहिणारी नको? मेले. चहा टाकते, बस."

चहा आला. हिल्डाने पानांवर आकडे घालायचं काम पुन्हा सुरू केलं. आकडे आपोआप पुढे सरकत होते आणि तिचं मन त्या परिच्छेदात गेलं. त्यात जायला तिला अर्ज उघडावा लागत नसे. तो तिला सकाळच्या प्रार्थनेइतका पाठ होता. माझे वडील स्वतंत्रपणे ड्रायव्हिंग शिकवण्याचा व्यवसाय करत. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी असताना त्यांना मेंदूत गाठ झाल्याचं निदान झालं आणि माझ्या परीक्षेच्या थोडं आधी ते वारले. आई रात्रपाळीला असल्यामुळे त्यांची मुख्य काळजी माझ्याकडे होती. याचा परिणाम माझ्या गुणांवर झाला, ते गुण माझ्या खऱ्या कुवतीचे निदर्शक नाहीत. या अनुभवाने मला दबावाखाली शांत राहणं, कामांचा क्रम लावणं आणि अवघड संभाषणं हळुवारपणे हाताळणं शिकवलं. यातला शब्द न् शब्द खरा होता. खोटं लिहिणं तिच्या हातून झालंच नसतं. आणि तरी आज पहिल्यांदाच तिला त्या परिच्छेदाची अशी भीती वाटली, की आपण घरात पाळलेलं काहीतरी आपल्या नकळत मोठं झालंय आणि आता पाहुण्यांना तेच दार उघडतंय.

पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो पानभर होता. त्यात बाबांची गाडी होती, छपरावरच्या त्रिकोणी पाटीसकट. त्यात त्यांच्या दाराच्या कप्प्यातल्या पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, घाबरलेल्या शिकाऊ बायकांसाठी ठेवलेल्या. डाव्या बाजूचं दिसेनासं व्हायला लागलं तेव्हा कडेला उभ्या गाड्यांच्या आरशांना ते एकेक करून गाडी घासत गेले आणि घरी येऊन म्हणाले, नगरपालिकेने रस्ते अरुंद केलेत, हेही होतं. मग एका फर्मच्या चौकोनात निम्मंच मावलं. गोळ्या गेल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या फर्मने त्याहून लहान चौकोन दिला, तेव्हा गाडी गेली. आरसे तिने फार दिवस टिकवून धरले होते, ते वाक्य तिचं आवडतं होतं, पण थ्वेट पत्र पाठवून म्हणाले, सुरेख आहे, पण यातून तुमच्याबद्दल काय कळतं? खरंच होतं ते. आरशांमधून बाबांबद्दलच कळत होतं. तिने ते काढलं आणि त्या जागी 'कामांचा क्रम लावणं' घातलं. प्रत्येक वेळी काढलेल्या वाक्याला ती मनात म्हणे, तू राहा, मी तुला विसरणार नाही, जागा नाही म्हणून केवळ. आणि दर वर्षी ती नव्या अर्जासाठी तो परिच्छेद उघडे तेव्हा तो तिला आधीपेक्षा चांगला वाटे.

दुपारी ती रोजच्यासारखी चर्चमध्ये गेली. बाबा गेल्यापासूनचा तिचा नेम होता, जेवणाच्या सुट्टीत जपमाळेचे दहा मणी, बाबांच्या आत्म्यासाठी. ताप असला तरी, ऑफिसात कितीही घाई असली तरी. लीड्सच्या पंधरवड्यातसुद्धा तिने स्वच्छतागृहात उभं राहून, बोटांवर मोजून, तो चुकवला नव्हता. या चर्चमध्ये दुपारी कुणी नसतं. फुलांच्या बादल्या पुसणारी एक बाई असते आणि मेणाचा थंड वास. हिल्डा मागच्या बाकावर गुडघ्यावर बसली. नमो मरिया, म्हणता म्हणता तिने नेहमीप्रमाणे बाबांना डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि तिच्या समोर आलं, माझे वडील स्वतंत्रपणे. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. माझे वडील स्वतंत्रपणे ड्रायव्हिंग शिकवण्याचा. तिसऱ्या मण्याला तिने डोळे उघडे ठेवले आणि वेदीकडे पाहत राहिली, तरी शब्द आलेच, ओळीने, आपापल्या जागी, आणि प्रार्थनेचा शेवट कसा व्हायचा तोही तसाच आला: या अनुभवाने मला. इतकी वर्षं आपण देवापुढे काय मांडत होतो? त्याने तो परिच्छेद किती वेळा ऐकला असेल? आणि तोही फिलिपासारखाच मायेने म्हणत आला असेल का, छान लिहिलंयस, पण या वर्षी नाही? हा विचार पाप आहे हे तिला लगेच कळलं, तिने छातीवर मूठ ठेवून क्षमा मागितली, आणि मग दहाही मणी नुसते शब्दांनी पुरे केले, कुणालाही डोळ्यांसमोर न आणता. नेम झाला. बाहेर येताना बादलीवाल्या बाईने विचारलं, "बरं वाटत नाही का, बाळा?" हिल्डा म्हणाली, "छे, छान आहे मी. थँक्यू."

ऑफिस सुटलं तेव्हा समुद्राकडचं धुकं आत आलं होतं. इथे जुलै असा येतो, सकाळी ऊन आणि संध्याकाळी अंगाला ओल्या चादरीसारखी चिकटणारी ही पांढरी थंडी. ती चालत घरी निघाली आणि तिने ठरवलं, परिच्छेदात नसलेलं असं बाबांचं काहीतरी आज आठवायचं. एकच. घर येईपर्यंत. रस्त्याच्या कडेने चालताना ती मनाला वाट देत गेली. त्यांचे हात. हात आठवले ते फोटोतले, तिच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशीचे, केकवर सुरी धरलेले. त्यांचा आवाज. आवाज काही केल्या येईना. येत होते थ्वेट. त्यांचा वास. पेपरमिंट, पण तो तिला परिच्छेदाच्या पहिल्या पानावरून आठवत होता, नाकातून नाही, आणि हा फरक तिला इतका स्पष्ट कळला की ती एका बंद दुकानापुढे थांबली. मग आजारपणातले महिने. ते तर ती जवळून जगली होती, कॉलेजातून धावत घरी येऊन. काय करत होतो आपण तेव्हा, संध्याकाळी, रोज? मुख्य काळजी माझ्याकडे होती. हो, पण म्हणजे काय करत होते? तिला एक खोली दिसत होती, मागे दिवा लागलेला, आणि खोलीत कुणी नव्हतं. हरवलेली वस्तू शोधताना आपण ज्या कप्प्यात आधीच पाहिलंय तोच कप्पा पुन्हा पुन्हा उघडतो, तशी ती कोपऱ्यापर्यंत त्या खोलीचं दार उघडत राहिली. कोपऱ्यावर टोनीचं दुकान होतं. आईची रात्रपाळी आजपासून चार दिवस नव्हती, आणि उद्या शुक्रवार म्हणजे मांस नाही, म्हणून तिने दोन पार्मो घेतले. तळलेल्या कोंबडीवर वितळलेल्या चीजचा वास पिशवीतून वर येत राहिला.

आई नुकतीच उठली होती. रात्रपाळीच्या बायकांचा चेहरा संध्याकाळीही सकाळचा असतो. आई, म्हणजे बर्नी, हॉस्पिटलात वॉर्ड पुसायची, जेवणाचे ट्रे न्यायची आणि रात्री घाबरणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलायची. शेवटचं काम तिच्या पगारात धरलेलं नव्हतं.

"चेहरा बघ," आई म्हणाली. "लीड्सवाले?"

"नाही म्हणाले."

"बरं." आईने ताटं मांडली. इथे बातमीवर एवढंच बोलतात आणि मग खायला देतात. "आता उरलं कोण?"

"न्यूकॅसल. उद्या दुपारी बारापर्यंत अर्ज घेतायत."

"आणि तिथेही नाही झालं, तर सोमवारी हाउसिंगवाल्यांना हो सांगायचं. ठरलंय आपलं. आठवतंय ना? कायमची नोकरी आहे, बाई. फायलीच लावायच्यात तर पेन्शनवाल्या लाव."

"आठवतंय."

ते ठरलेलंच होतं. ऑफिसातली तिची जागा सप्टेंबरात संपत होती, आणि हाउसिंगच्या, म्हणजे भाड्याच्या घरांचा कारभार बघणाऱ्या, कचेरीत एकदा गेलं की सॉलिसिटर होणं संपलं, हे दोघींनाही माहीत होतं, म्हणून त्या गोष्टीला दोघी नोकरी म्हणत. हिल्डाने पार्मो कापला. मग, न सांगता राहवलं नाही म्हणून, तिने परिच्छेदाचं सांगितलं. भागीदारबाई रडल्या त्याचंही. ऑक्टोबरातल्या पडद्याचंही.

"कसला परिच्छेद?" आईने विचारलं.

"अर्जात लिहावं लागतं. मार्क का कमी पडले ते. बाबांबद्दल."

"मला नाही कधी दाखवलास."

"दाखवण्यासारखं काही नाही गं त्यात."

"लीड्सची बाई रडली म्हणतेस ना? वाच."

हिल्डाने वाचला. फोनमधून बघून, पाठ असूनही, कारण आईकडे बघत म्हणणं तिला जमलं नसतं. आई काटा हातात धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आई रात्रपाळीला असल्यामुळे."

"आई, तसा अर्थ नाही त्याचा..."

"तोच आहे. आणि खरं आहे, नव्हतेच मी. पगार कोण आणणार होतं? पण ते लीड्सच्या पोरांनी कशाला वाचायचं?" तिने एक तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मुख्य काळजी म्हणे. ताटाचं का नाही लिहिलंस?"

"कसलं ताट?"

"कसलं ताट काय? तुझ्या बाबांचं, डेसचं." आईने मान वर केली. "त्याला डावीकडचं दिसायचं नाही ना. ताटातलं उजवीकडचं तेवढं खायचा आणि मग टोनीच्या नावाने शंख. हा लबाड आता अर्धाच देतो, उद्या जाऊन बघतोच त्याला. आणि तू काही न बोलता उठायचीस आणि त्याचं ताट असं..." आईने आपलं ताट टेबलावर अर्धं फिरवलं. "की झालं! 'बर्नी, अजून वाढलंस? तुला ठेवलंस की नाही?' रोज विचारायचा. मी घरी नसले तरी मलाच विचारायचा, तूच सांगायचीस मला. ज्या दिवशी मी असायचे त्या दिवशी आपण दोघी हसू दाबून लाल व्हायचो. तो म्हणायचा, काय झालं या बायकांना?"

"मी फिरवायचे?"

"मग कोण, पोप?"

हिल्डा ताटाकडे बघत राहिली. आईने फिरवलेलं, कडेला चीजचा सुकलेला ओघळ असलेलं ताट. तिने ते हातात आल्यासारखं मनात धरून पाहिलं. गरम कड, टेबलावर घासल्याचा आवाज, समोर बसलेला माणूस. तिने मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा फिरवलं. समोर कुणी बसलं नाही. आत काहीच हललं नाही. एखाद्या परक्या मुलीची ऐकलेली गोष्ट असावी तशी ती गोष्ट बाहेरच उभी राहिली, आणि हिल्डाला कळलं की ती पहिल्या पानातसुद्धा नव्हती. कधी लिहिलीच नव्हती. मांडता येण्यासारखी नव्हती, म्हणून तिने ती काढलीही नसेल. काढायच्याही आधी ती गेली असेल. मुख्य काळजी या दोन शब्दांत तिने ती सगळी ठेवून दिली होती आणि आता ते शब्द उघडले तर आत ताट नव्हतं.

"हो, आठवलं," ती म्हणाली.

"खोटं बोलू नकोस. येत नाही तुला." आईने हात पुढे करून तिच्या मनगटावर ठेवला. हॉस्पिटलच्या साबणाने फाटलेला, खरबरीत हात. "अगं, रडू नको. थंड होईल ते."

"मला काहीच आठवत नाही, आई. तो परिच्छेद सोडून काहीच नाही. चर्चमध्येसुद्धा तोच म्हणते मी."

बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं आणि शेजारचा कुत्रा कुणावर तरी, दिसत नसलेल्यावर, भुंकत होता. "माझं एक ऐकशील?" आई म्हणाली. "तुझा अर्ज, तुझं शिक्षण, मला त्यातलं कळत नाही. पण त्याला आता घरी राहू दे. दर वर्षी त्याला सूट घालून कुठे कुठे पाठवतेस आणि तो दर वर्षी नाही ऐकून परत येतो. दमला असेल गं. लीड्सला नको, न्यूकॅसलला पण नको. राहू दे त्याला इथे."

"बरं."

"बरं नको. शब्द दे."

हिल्डाने आईकडे पाहिलं. त्या चौकोनाशिवाय अर्जाचं काय होतं हे आईला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायची हीच वेळ होती. सांगितलं असतं तर आईने एका क्षणात शब्द मागे घेतला असता, वर स्वतःलाच बोल लावला असता, मूर्ख बाई मी, लिही गं लिही, डेसला काय कळतंय. हिल्डाला ते सगळं ऐकू आलं, आईच्या आवाजात, स्पष्ट. "दिला," ती म्हणाली.

सकाळी ती लवकर उठली. आई झोपली होती, कितीतरी दिवसांनी लोकांच्या वेळेला. हिल्डाने दिवा न लावता चहा केला आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच प्यायली. न्यूकॅसलचा अर्ज ऑफिसात, इतर लोक यायच्या आधी भरायचा होता. तो कसा असतो ते तिला माहीत होतं, सगळे सारखेच असतात. नाव, शाळा, विषय, गुण. गुणांच्या खाली प्रश्न, आपल्या बाबतीत काही विशेष परिस्थिती होती का? हो म्हटलं की चौकोन उघडतो. नाही म्हटलं तर काही उघडत नाही, अर्ज सरळ पुढच्या पानावर जातो, इतका सहज की आपण कशाला तरी नाही म्हटलं हेही जाणवू नये. मग शेवटचं बटण, आणि अर्ज मिळाल्याबद्दल आभार. गुण कमी आणि चौकोन रिकामा, असा अर्ज माणसापर्यंत जात नाही. यंत्रच तो वेगळा काढतं. थ्वेट भेटायच्या आधीच्या वर्षी तिने तसे अर्ज पाठवले होते आणि प्रत्येकाचा नकार चहा गाळून होईतो आला होता. दुपारी बाराच्या आत नकार येईल. मग वीकएंड, मग सोमवार, मग हाउसिंगची कचेरी. त्या चौकोनात आज काही लिहिलं तर आईला कधीच कळणार नव्हतं, हाही विचार आला. तो तिने येऊ दिला, दारापर्यंत आलेल्या माणसाला नीट बघावं तसं बघितलं. त्या चौकोनात लिहिलेलं खोटं नव्हतं. तो भरणाऱ्या इतर मुलामुलींना तिने कधी नावं ठेवली नसती. त्यांच्यासाठीच तर होता तो. तिला फक्त आपला शब्द दिसत होता, आणि त्याच्या पलीकडे काही दिसत नव्हतं, प्रकाशही नाही, कुणी राखून ठेवलेलं बक्षीसही नाही. बाबा परत येतील असं तिला वाटत नव्हतं. ताटही परत येणार नव्हतं बहुतेक. एकदा त्या खोलीचा दिवा गेला तो गेला.

आणि फिलिपाला फोन करायचा होता. नऊला त्यांचं ऑफिस उघडतं. मी हो म्हटलं होतं, पण आता नाही म्हणतेय. माफ करा. यापलीकडे कारण सांगायचं नाही. या वाक्याची तिला अर्ज पाठवण्यापेक्षाही जास्त धास्ती वाटत होती. होकार मागे घेणं हे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं, दुकानात उरलेले पैसे चुकीचे आले तरी नाही. कप धुताना तिने ते वाक्य एकदा हळूच म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं.

मग तिने कोट चढवला, चपटे बूट हातात घेतले, आईची झोप मोडू नये म्हणून जिन्याच्या करकरणाऱ्या पायरीला टाळून दारापाशी आली, तिथे बूट घातले, आणि कडी आवाज न होता सोडवून धुक्यात बाहेर पडली.